मृत्यूचें भय कोणाला?

मराठी घरांत मरणाचें नांव सरळ कोणी घेत नाहीं. अमका मेला असें क्वचितच म्हणतात. तो वारला, गेला, देवाघरीं गेला किंवा कैलासवासी झाला. एवढ्यानें भागत नाहीं. मरणाची सावली ज्या शब्दावर पडण्याचा संभव, तो शब्दहि उलटा करून ठेवलेला असतो. मंगळसूत्र तुटलें तर तें 'वाढलें', बांगडी फुटली तर ती 'वाढली', रात्रीं दुकान बंद करावयाचें तर तें 'वाढवावयाचें', आणि दिवा मालवावयाचा झाला तर त्याला 'निरोप' द्यावयाचा. घरांतून बाहेर पडणारा मुलगा 'जातों' म्हणाला कीं आजी त्याला उंबरठ्यावर थांबवून 'येतों म्हण' अशी दुरुस्ती करते. एखाद्या गैरहजर माणसाची गोष्ट निघावी आणि तोच दारांत उभा राहावा, तर त्याला त्या क्षणीं शंभर वर्षें आयुष्य बहाल होतें. भाषेच्या अंगणांत ज्या शत्रूसाठीं एवढीं कुंपणें घातलीं गेलीं, त्याची धास्ती किती असली पाहिजे!

आणि मौज अशी कीं, ज्या घरांत ही दक्षता पाळली जाते त्याच घरांत गीतेचा दुसरा अध्याय पाठ असतो. देह नाशवंत आहे, आत्मा अमर आहे, हें तत्त्व तेथें लहानपणापासून कानांवर पडत आलेलें असतें. शेजारीं मृत्यु घडला म्हणजे घरांतील वृद्ध गृहस्थ तेथें जाऊन तेंच तत्त्व सांत्वनासाठीं सांगतात. सांगणाराचा त्यावर विश्वास असतो, ऐकणाराचाहि असतो. आणि तरीहि त्याच रात्रीं छातींत जराशी कळ आली तर ते वृद्ध गृहस्थ अंथरुणावर उठून बसतात, दिवा लावतात आणि उजाडण्याची वाट पाहत राहतात. त्यांना दांभिक म्हणण्याचें कारण नाहीं. ऐकीव सत्य ओसरीवर बसलेलें असतें आणि भय माजघरांत राहत असतें; दोघांची आयुष्यभर गांठच पडत नाहीं, इतकेंच. अध्यात्मानें मृत्यूचें भय जातें असें जेव्हां म्हटलें जातें, तेव्हां ही गांठ कशी पडते हा खरा प्रश्न असतो.

मृत्यूचें भय म्हणून जें म्हटलें जातें त्यांत अनेक भयें एकत्र कालवलेलीं असतात, हेंहि येथें पाहून ठेवलें पाहिजे. मरतांना होणाऱ्या वेदनांचें भय हें त्यांतील एक. त्याचा विचार डॉक्टरांनीं करावा, आणि आजचें वैद्यक तो पूर्वींपेक्षां पुष्कळच चांगला करूं शकतें. मागें राहणाऱ्यांची काळजी हें दुसरें. तें तर भय नसून कर्तव्य आहे. ज्या गृहस्थानें अजून मृत्युपत्र केलेलें नाहीं, त्याला वेदान्त सांगण्यापूर्वीं वकिलाकडे पाठविणें अधिक श्रेयस्कर. परंतु वेदनांची सोय झाली, मुलांचीं शिक्षणें झालीं, घर नांवावर करून दिलें, तरीहि कांहीं शिल्लक राहतें. 'हें सर्व असेल आणि मी नसेन' हा विचार रात्रीं दोन वाजतां एकट्यानें जागें असलेल्या माणसाच्या पोटांत जो खड्डा पाडतो, तो विम्याच्या रकमेनें भरून येत नाहीं. अध्यात्माचा संबंध आहे तो या उरलेल्या भयाशीं.

आपल्या परंपरेंत या भयाला समोरासमोर भेटणारा पहिला माणूस एक लहान मुलगा आहे, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. कठोपनिषदांतील नचिकेता बापानें रागाच्या भरांत उच्चारलेला शब्द खरा मानून यमाच्या दारीं जातो, तीन रात्री उपाशी बसतो, आणि त्याबद्दल मिळालेल्या तीन वरांपैकीं तिसऱ्या वरानें मेल्यावर माणूस असतो कीं नसतो हें विचारतो. यम उत्तर टाळूं पाहतो. तो म्हणतो, हत्ती माग, घोडे माग, सोनें माग, शतायुषी पुत्रपौत्र माग, स्वतःला हवें तितकें आयुष्य माग; हें मात्र विचारूं नकोस. सामान्य भीतीला जें हवें असतें नेमकें तेंच प्रत्यक्ष यम देऊं करतो, आणि मुलगा तें परत करतो. कारण दीर्घायुष्य हें मृत्युभयावरचें औषध नव्हे, ती मुदतवाढ आहे. आणि मुदतवाढ मिळालेल्या ऋणकोला झोंप लागतेच असें नाहीं.

ग्रीस देशांत ख्रिस्तपूर्व ३९९ मध्यें सॉक्रेटिसानें विषाचा पेला घेतला, तो प्रसंगहि असाच प्रसिद्ध आहे. प्लेटोच्या 'फीडो' नांवाच्या संवादांत त्याचें वर्णन आहे. सत्तर वर्षांचा तो पुरुष शेवटचा सबंध दिवस मित्रांबरोबर आत्म्याच्या अमरत्वाविषयीं वाद करीत बसला. एकामागून एक प्रमाणें पुढें आलीं, आक्षेप निघाले, त्यांचीं उत्तरें झालीं. मध्येंच केबीस नांवाचा शिष्य हंसून सुचवितो कीं, आमच्यांत एक लहान मूल दडलेलें असावें आणि तें मरणाला बागुलबुवासारखें भितें. त्या मुलाची समजूत काढावयास हवी. हें म्हणणें फार खरें होतें. कारण संध्याकाळीं जेव्हां सॉक्रेटिसानें पेला ओठांना लावला तेव्हां दिवसभर प्रमाणें मान्य करणारी ती सारी मंडळी ओक्साबोक्शीं रडूं लागली, आणि मरणाराला जिवंतांची समजूत घालावी लागली. युक्तिवाद मोठ्या माणसाशीं बोलत होता. तें मूल तिकडे लक्षच देत नव्हतें. सॉक्रेटिसाची स्वतःची शांति त्या दिवसाच्या प्रमाणांतून आलेली नव्हती. ती त्यानें आयुष्यभर केलेल्या अभ्यासाची होती.

मात्र उपनिषदांतील कथा ही कथा आहे, आणि सॉक्रेटिसाचे अखेरचे क्षण तर ज्या प्लेटोनें लिहिले तो, त्याच्याच म्हणण्याप्रमाणें, आजारामुळें तेथें हजर नव्हता. त्यांच्या मानानें मदुरेस घडलेला एक प्रसंग अगदीं अलीकडचा आहे. त्यांतला मुलगा इंग्रजी शाळेंत जाणारा, मध्यम स्थितींतील वकिलाचा. अशीं मुलें मुंबई-पुण्याच्या कोणत्याहि आळींत त्या काळीं दिसलीं असतीं.

या मुलाचें नांव वेंकटरामन. ३० डिसेंबर १८७९ रोजीं तामिळ प्रांतांतील तिरुच्चुळि या गांवीं त्याचा जन्म झाला. वडील सुंदरम् अय्यर १८९२ सालीं वारले, तेव्हां तो बारा वर्षांचा होता. घर मोडलें. थोरला भाऊ व तो काकांकडे मदुरेस आले, धाकटीं दोन भावंडें आईजवळ राहिलीं. मदुरेस तो अमेरिकन मिशनच्या हायस्कुलांत शिकत होता. अभ्यासांत विशेष गोडी नाहीं. फुटबॉल आणि कुस्ती यांची आवड. आणि झोंप इतकी गाढ कीं सोबती त्याला झोंपेंत बडवीत तरी जाग येत नसे. तिरसष्ट शैव संतांच्या चरित्रांचा 'पेरियपुराणम्' हा ग्रंथ त्याच्या वाचनांत आला होता. उपनिषदें किंवा वेदान्तावरील ग्रंथ त्यानें पाहिलेहि नव्हते. पुढें जें घडलें तें वाचनाचा परिणाम म्हणून समजावून देतां येत नाहीं, यासाठीं हें सांगितलें.

१८९६ च्या जुलै महिन्याच्या मध्यास एके दिवशीं तो काकांच्या घरीं माडीवरील खोलींत एकटाच बसला होता. प्रकृति ठणठणीत होती. आजारपण नाहीं, अपघात नाहीं, भिण्यासारखें कांहींहि कारण नाहीं; आणि एकाएकीं 'मी आतां मरणार' या भयानें त्याला घेरलें. असा प्रसंग ज्याच्यावर आला आहे त्याला त्या वेळीं माणूस काय करतो हें विचारावें लागत नाहीं. तो हांक मारतो. आईला, पत्नीला, शेजाऱ्याला, डॉक्टरला; कोणी नसेल तर देवाला. हांक मारली कीं भय अर्धें होतें, कोणी पाठीवर हात ठेवला कीं उरलेलें ओसरतें, आणि तें नेमकें काय होतें हें पाहावयाचें राहून जातें. या मुलानें हांक मारली नाहीं. वैद्याला, वडीलधाऱ्यांना किंवा मित्रांना बोलावण्याचा विचारहि मनांत आला नाहीं, जें काय सोडवावयाचें तें येथेंच व आतांच आपणच सोडवावें असें वाटलें, असें त्यांनीं पुढें सांगितलें आहे.

तो आडवा झाला. हातपाय ताठ केले, ओठ मिटून घेतले, श्वास धरला. प्रेत असतें तसा पडून राहिला. आणि मनाशीं पाहूं लागला: हें शरीर तर मेलें. लोक येतील, याला उचलून स्मशानांत नेतील, तेथें तें जळेल, राख होईल. पण यानें 'मी' मेलों काय? हें शरीर म्हणजे मी काय? शरीर निःशब्द व निश्चल पडलें आहे, तरी आंत 'मी' हें स्फुरण पूर्ण बळानें चालूं आहे; शरीराचा मृत्यु झाला हें कळतें आहे तेंहि त्यालाच. मग मरतें तें दुसरें, आणि ज्याच्यासाठीं एवढें भय वाटलें तो या मरणाच्या टप्प्यांतच नाहीं. हा सारा प्रकार फार वेळ चालला नाहीं. मुलगा उठून बसला तेव्हां मरणाचें भय गेलें होतें, आणि तें पुन्हां कधीं आलें नाहीं.

या हकीकतीवर सुशिक्षित माणसाच्या मनांत ज्या शंका येतात त्या रास्त आहेत, आणि त्या बाजूला सारून पुढें जाणें योग्य नव्हे. आजचा डॉक्टर म्हणेल कीं, विनाकारण उसळलेलें असें तीव्र भय हा एक ओळखीचा विकार आहे. रक्तांत अँड्रिनॅलिन वाढतें, छाती धडधडते, आतां मरणार असें वाटतें, आणि थोड्या वेळांत हा झटका आपोआप ओसरतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीनें यांत चूक काढतां येणार नाहीं. दुसरी शंका याहून नेटाची आहे. श्वास धरून निश्चल पडणें म्हणजे मरणें नव्हे. मेंदू जिवंत होता म्हणूनच 'मी' हें स्फुरण चालूं होतें. यावरून देह जळल्यावरहि तें राहील हें कसें सिद्ध झालें?

सिद्ध झालें नाहीं, हेंच प्रामाणिक उत्तर आहे. परलोकाविषयींचा पुरावा म्हणून या प्रसंगाकडे पाहिलें तर हातीं फारसें लागत नाहीं. त्याचें महत्त्व निराळ्या ठिकाणीं आहे. भयाचा झटका येऊन गेलेला माणूस सामान्यतः अधिकच भित्रा होतो; तो झटका पुन्हां येईल काय या भीतीनें तो गर्दींत जात नाहीं, एकटा राहत नाहीं. येथें उलट झालें. भयाकडे पाठ फिरवून पळण्याऐवजीं मुलानें ज्याला भय वाटतें आहे त्याच्याकडे तोंड फिरविलें, आणि जवळ जवळ ५४ वर्षें त्याचा परिणाम टिकला. हा सर्व विचार तर्कानें केलेला नव्हता, तें डोळ्यांनीं पाहिल्यासारखें प्रत्यक्ष होतें, असें ते पुढें आवर्जून सांगत. नरसिंह स्वामींनीं १९३१ सालीं लिहिलेल्या इंग्रजी चरित्रांत ही हकीकत प्रथम सविस्तर आली, आणि त्यांतील शब्द जसेच्या तसे उतरून घेतलेले नाहींत हें चरित्रकारानें स्वतःच नमूद केलें आहे. तेव्हां एकेक शब्द धरून वाद घालण्यांत अर्थ नाहीं. परिणाम मात्र शेंकडों लोकांनीं वर्षानुवर्षें पाहिला आहे, आणि पारखावयाचा तर तोच पारखावा.

त्या परिणामाची पहिली खूण एका चिठ्ठींत सांपडते. सहा आठवड्यांनंतर, २९ ऑगस्ट १८९६ रोजीं, हा मुलगा इंग्रजी व्याकरणाचा धडा तीनदां लिहून काढण्याची शाळेची शिक्षा भोगीत बसला होता. दोनदां लिहून झाल्यावर त्यानें वही बाजूला सारली व डोळे मिटून घेतले. थोरल्या भावानें टोमणा मारला कीं, ज्याला असेंच बसावयाचें त्याला हा पसारा कशाला? मुलाला तें पटलें. भावानें स्वतःच्या फीसाठीं पेटींतून पांच रुपये न्यावयास सांगितले होते. त्यांतील तीन त्यानें घेतले, दोन तेथेंच ठेवले आणि तामिळ भाषेंत चार ओळींची चिठ्ठी लिहिली. आपण आपल्या पित्याच्या शोधार्थ त्याच्याच आज्ञेवरून निघालों आहों, शोक करूं नये, शोधासाठीं पैसा खर्चूं नये, आणि तुझी फी अजून भरलेली नाहीं, असा तिचा आशय. चिठ्ठीचा आरंभ 'मी' या शब्दानें होतो. लगेच पुढच्या वाक्यांत 'मी' जाऊन त्या जागीं 'हें' येतें. आणि अखेरीस सही करावयाच्या ठिकाणीं नुसती एक रेघ आहे. घरांतून पळून जाणाऱ्या मुलांच्या चिठ्ठ्या पुष्कळ असतील. फीची आठवण ठेवणारी आणि सही करावयास विसरणारी अशी चिठ्ठी विरळा.

१ सप्टेंबरला तो तिरुवण्णामलैला पोंचला व अरुणाचल पर्वताचा परिसर त्यानें पुढें कधींच सोडला नाहीं. पहिल्या काळांतील उपवास, मौन, देवळाच्या तळघरांत किड्यामुंग्यांनीं पाय खाल्ले तरी भान नसणें, या गोष्टी चरित्रकारांना फार प्रिय आहेत. येथें त्या बाजूला ठेवल्या तरी चालतील. १९०७ सालीं काव्यकंठ गणपति मुनींनीं त्यांना रमण महर्षि हें नांव दिलें आणि त्याच नांवानें जग त्यांना ओळखूं लागलें.

अधिक महत्त्वाचा प्रसंग १९२२ सालचा आहे. स्वतःच्या मरणाला न भिणारा माणूस दुसऱ्याच्या मरणाशीं कसा वागतो, ही कसोटी कडक असते. कारण निर्भयता आणि निष्ठुरता दुरून सारख्याच दिसतात. पळून गेलेल्या मुलाला शोधीत आई अळगम्माळ १८९८ मध्यें एकदां येऊन रडून परत गेली होती. १९१६ पासून ती मुलाजवळच राहूं लागली. १९ मे १९२२ रोजीं तिचा अंतकाळ आला. महर्षि सकाळपासून तिच्या उशापाशीं बसले. एक हात तिच्या छातीवर, दुसरा मस्तकावर. तिचा श्वास लागला होता. भोंवतीं मंत्रपठण, नामस्मरण चाललें होतें. रात्रीं आठच्या सुमारास प्राण जाईपर्यंत ते हात तेथून हालले नाहींत. ज्यानें सोळाव्या वर्षीं मरण येतेंसें वाटलें असतां कोणाला हांक मारली नव्हती, त्यानें आईला मात्र क्षणभर एकटें सोडलें नाहीं. सर्व आटोपल्यावर ते उठले आणि सुतक वगैरे कांहीं नाहीं, आतां जेवून घ्या, असें त्यांनीं मंडळींना सांगितलें. पुढें कोणी ती 'गेली' असें म्हटलें तर तो शब्द ते दुरुस्त करीत. ती गेली नाहीं, विलीन झाली, असें म्हणत. वर ज्या शब्दांचीं कुंपणें पाहिलीं तीं भयानें घातलेलीं होतीं. येथेंहि शब्दच बदलला आहे, पण तो डोळे झांकण्यासाठीं नव्हे.

मग सामान्य गृहस्थानें काय करावें? माडीवर जाऊन ताठ निजावें काय? मुळींच नाहीं. महर्षींनीं पुढें जो मार्ग सांगितला त्यांत प्रेताचें सोंग घेण्याला कांहींच स्थान नाहीं. त्यांच्या मौनाच्या काळांत, १९०१-०२ च्या सुमारास, शिवप्रकाशम् पिळ्ळै या गृहस्थानें प्रश्न विचारावे व त्यांनीं उत्तरें लिहून दाखवावीं असें घडलें. त्यांतून 'नान् यार्', म्हणजे 'मी कोण', हें छोटें पुस्तक तयार झालें. पिळ्ळै हे सरकारी नोकरींतले, घरसंसारी. त्यांना मिळालेलें उत्तर असें कीं, मनांत कोणताहि विचार उठला तर त्याच्या मागें धांवूं नये, त्याच्याशीं झुंजूंहि नये. हा विचार कोणाला आला एवढें पाहावें. 'मला' असें उत्तर येतें. मग हा 'मी' कोण, कोठून उठतो, इकडे लक्ष वळवावें. भयालाहि हेंच लागूं. मृत्यूचें भय वाटतें तें कोणाला? ऐकावयास हें अगदीं साधें वाटतें, किंबहुना शब्दांचा खेळ वाटतो. परंतु खरोखर भय वाटत असतां हा प्रश्न विचारून पाहणें म्हणजे काय हें ज्यानें त्यानेंच अजमावावें. भय त्या वेळीं डोळ्यांपुढें नुसतीं चित्रें उभीं करीत असतें: रिकामी खुर्ची, रडणारी मुलें, लांकडें. चित्रांवरून लक्ष काढून पाहणाऱ्याकडे नेणें हें त्या क्षणीं वाटतें तितकें सोपें नसतें.

एक गोष्ट मात्र धीर देणारी आहे. आपण भितों म्हणजे अध्यात्माला अपात्र आहों, असें अनेक सज्जनांना वाटतें व त्यामुळें ते भय लपवून ठेवतात. महर्षींचें मत याच्या अगदीं उलट होतें. १९२८ च्या सुमारास त्यांनीं रचलेल्या 'उळ्ळदु नार्पदु' या तामिळ ग्रंथाच्या मंगलाचरणांतच मरणाला अतिशय भिणाऱ्या माणसांचा उल्लेख आहे. तींच माणसें जन्ममरणरहित अशा परमेश्वराचा आश्रय करतात, तेथें त्यांचा अहंकार आधींच मरून जातो, आणि मग मेलेल्याला मरणाचा विचार पुन्हां कसा येणार, असें तेथें म्हटलें आहे. भय हें येथें शत्रु नसून दार ठरतें. मराठी माणसाला हें अपरिचित वाटूं नये. जिवंतपणींच आपलें मरण पाहिल्याचें वर्णन तुकोबांच्या गाथेंत आहे, आणि तें आनंदाच्या सुरांत आहे. देहूच्या वाण्याला आणि मदुरेच्या शाळकरी मुलाला एकमेकांची भाषाहि समजली नसती.

१९४८ च्या अखेरीस महर्षींच्या डाव्या कोपराखालीं एक लहानशी गांठ दिसूं लागली. फेब्रुवारी १९४९ मध्यें ती कापून काढली. ती पुन्हां वाढली. मार्चमध्यें दुसरी शस्त्रक्रिया झाली आणि तो सार्कोमा जातीचा कर्करोग असल्याचें ठरलें. ऑगस्टमध्यें तिसरी, डिसेंबरमध्यें चौथी. हात कापून टाकावा असें डॉक्टरांनीं सुचविलें; तें त्यांनीं नाकारलें व देहाचा शेवट आपल्या गतीनें होऊं द्यावा असें सांगितलें. बाकी जो उपचार कोणी आणला तो त्यांनीं करूं दिला: रेडियम, वैद्यांचे लेप, होमिओपथी. औषध देणाराला समाधान मिळावें हाच त्यांत हेतु दिसतो. येथें एक सावधगिरी हवी. ज्याला हात देऊन प्राण वांचवितां येईल त्यानें तो जरूर द्यावा. महर्षींचें अनुकरण म्हणून शस्त्रक्रिया टाळणें हा वेदान्त नव्हे. मात्र कोठें थांबावें हा प्रश्न आज प्रत्येक घरासमोर येतो. ९ मार्च २०१८ रोजीं भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें सन्मानानें मरण्याचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला आणि त्याविषयीं आगाऊ लिहून ठेवलेल्या इच्छेला मान्यता दिली. तरीहि अतिदक्षता-विभागाच्या बाहेर बांकावर बसलेल्या मुलाला 'आतां पुरे' म्हणण्याचा धीर निकालपत्र देऊं शकत नाहीं. तो धीर कधीं कधीं आंत निजलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहून येतो.

तिरुवण्णामलैला तसें झालें. भयानें व्याकुळ होते ते भक्त. महर्षि त्यांची समजूत घालीत होते. आपण चाललों असें लोक म्हणतात, पण जावयाचें कोठें, आपण येथेंच आहों, अशा अर्थाचें त्यांचें उत्तर सर्वश्रुत आहे. लोकांना दर्शन घेऊं द्यावें हा आग्रह त्यांनीं शेवटच्या दिवसापर्यंत सोडला नाहीं. लहानशा खोलीच्या उघड्या दारासमोरून माणसांची रांग सरकत राही. १४ एप्रिल १९५० हा तो दिवस. दुपारीं पातळ अन्न आणलें तेव्हां त्यांनीं नेहमींच्या वक्तशीरपणानें किती वाजले तें विचारलें, आणि आतां यापुढें वेळेशीं काम नाहीं अशी पुस्ती जोडली. वर्षानुवर्षें सेवा केलेल्या परिचारकांना ते म्हणाले कीं, इंग्रज लोक 'थँक्स' म्हणतात, आपण नुसतें 'संतोषम्' म्हणतों. आभार मानावयाचे राहून गेले नाहींत. सूर्यास्ताच्या सुमारास त्यांनीं आपल्याला बसवावयास सांगितलें. प्रत्येक स्पर्शानें वेदना होतात हें परिचारकांना ठाऊक होतें, म्हणून ते कचरले. त्याची चिंता करूं नका, असें त्यांनाच ऐकावें लागलें. डॉक्टरांनीं प्राणवायु लावावयास घेतला, तो त्यांनीं उजव्या हातानें दूर केला. बाहेर ओसरीवर कांहीं भक्त त्यांनींच रचलेलें अरुणाचलाचें स्तोत्र म्हणूं लागले. डोळे उघडले, कडेनें पाणी ओघळलें. रात्रीं ८ वाजून ४७ मिनिटांनीं श्वास थांबला.

त्याच वेळीं आकाशांतून एक तेजस्वी उल्का सरकतांना अनेकांनीं पाहिली. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार तेथें होता, त्यानेंहि ती पाहिली. उल्का नेहमींच पडत असतात, तिच्यावर फार भर देण्याचें कारण नाहीं. दुसऱ्या दिवशीं आश्रमांतच, आईच्या समाधीजवळ, महर्षींच्या देहाला समाधि देण्यांत आली. सोळा वर्षांच्या मुलानें माडीवर पडल्या पडल्या आपल्या शरीराला लोक स्मशानांत नेऊन जाळतील असें मनांत पाहिलें होतें. तेवढा एक तपशील मात्र त्याच्या कल्पनेप्रमाणें घडला नाहीं.